दरीकडचं दार

घर बांधायला घेतलं तेव्हा गवंड्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मागच्या भिंतीत एक दार ठेवायचं. त्याला वाटलं माझी काहीतरी गफलत होतेय.

"सिस्टर, मागं दरी हाय," तो म्हणाला.

"म्हणूनच तर."

त्यानं दार ठेवलं, पण चौकट बसवेपर्यंत तीनदा विचारून घेतलं. त्याचं तरी काय चुकलं! अंबाजोगाईच्या टोकाला, पठार जिथं संपतं, तिथं आमची ही नवी वसाहत. रिटायर झालेले, शिक्षक, दुकानदार, दोन-तीन डॉक्टर. सगळ्यांच्या घरांची तोंडं रस्त्याकडं आणि पाठ दरीकडं. मागच्या बाजूला पुरुषभर उंच भिंती. त्या भिंतीवरून फक्त एकच गोष्ट पलीकडं जायची, ती म्हणजे कचऱ्याची पिशवी.

मी आरोग्य खात्यात सिस्टर होते. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा पुण्यात शिकला आणि तिथलाच झाला. माझी सगळी नोकरी पायी झाली. आधी नेकनूरकडच्या वस्त्या, मग घाटनांदूरच्या आसपासची खेडी. खांद्याला लसीचा डबा, हातात रजिस्टर, उन्हातान्हात घरोघर. तीस वर्षं मी साहेबांनी सांगितलं तिकडं चालले. रिटायर झाल्यावर मला वाटेल तिकडं चालायचं होतं, एवढंच. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तिकडं साप आहेत, कोण कोण लोक असतात, तू एकटी." त्याला म्हटलं, बाबा, तुझी आई सापांच्या आणि लोकांच्या जिवावरच पगार घेत आली. आता कशाला घाबरवतोस?

पहिल्या सकाळी दार उघडून उतरले ते कचऱ्याच्या ढिगातून. माझ्याच शेजाऱ्यांच्या घरातलं सगळं तिथं होतं. सलाईनच्या नळ्यासुद्धा. त्या बघून मला डॉक्टरांच्या घराकडं परत जाऊन दोन शब्द सुनावावेसे वाटले, आणि पुढं एक दिवस मी ते सुनावलेही. पण त्या सकाळी मी खालीच गेले. ढीग ओलांडला की काळा दगड लागतो. दरी एकदम कोसळत नाही, तीन टप्प्यांनी उतरते. पहिल्या टप्प्यावर तरवड फुललेला असतो, पिवळाधम्मक. दुसऱ्यावर सीताफळीच सीताफळी, कुणी न लावलेल्या, खडकाच्या फटीतून उगवलेल्या. तिसऱ्या टप्प्याखाली नाला, हिवराची झाडं, आणि दिवसाउजेडी खोकड दिसावं इतकी शांतता. परत आले तेव्हा साडीच्या काठाला इतकी कुसळं होती की ती काढायला अख्खी दुपार गेली. दुसऱ्या दिवसापासून मी मुलाची जुनी पँट घालून जायला लागले. पँटीतली म्हातारी बघून वसाहतीत काय चर्चा झाली ते मला यथासांग कळवण्यात आलं. मी पँट बदलली नाही.

खाली मला पहिल्यांदा भेटला तो वडार समाजातला म्हातारा. नाल्याच्या पलीकडं त्यांची दहा-बारा घरं आहेत. एका सपाट दगडावर बसून तो पाट्याला टाकी लावत होता. मला बघून छिन्नी थांबली.

"कावून आलाव इकडं?" त्यानं विचारलं. "सर्वे हाय का काही?"

"नाही. फिरायला आले."

"फिरायला?" तो हसला. "वरच्या लोकांत कुणी फिरायला येत न्हाई इकडं. कचरा टाकत्यात नि भिंतीआड जात्यात."

मी सिस्टर आहे एवढं कळल्यावर मात्र त्यानं घरातल्या सुनेला हाक मारली आणि तिच्या बाळाच्या डोसांचं कार्ड माझ्यापुढं आलं. एक डोस राहिला होता. फिरायला गेलेली मी अशी पहिल्याच आठवड्यात पुन्हा कामाला लागले.

दुसरी ओळख आपाची. ती फळं विकणारी. आपा म्हणजे मोठी बहीण, तिला सगळा बाजार आपाच म्हणतो. शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यात तिचं माहेर, पण लग्नापासून ती दरीच्या पलीकडच्या उतारावर राहते, सासऱ्यांच्या जुन्या जागेत. दिवाळीच्या सुमाराला ती आणि वडारवस्तीच्या बायका मिळून दरीतली सीताफळं उतरवतात, टोपल्या डोक्यावर घेऊन चढ चढतात, आणि आमच्या वसाहतीच्या रस्त्यानं मोठ्या सडकेवर जातात. हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. वसाहत नंतरची.

आपाची आणि माझी गट्टी पडायला एक फळ पुरलं. मी झाडावरचं सीताफळ दाबून बघत होते, तेव्हा मागून आवाज आला, "दबाओ नको, सिस्टर. डोळे बघायचे फळाचे. डोळ्यांच्या मधी पिवळं पडलं की उतरवायचं." तिचं बोलणं असंच, अर्धं दखनी, अर्धं मराठी, आणि सगळं ठणठणीत.

दरीतली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, मला आपानं दाखवली. दुसऱ्या टप्प्याच्या एका कोपऱ्यात टणटणीचं रान माजलेलं होतं. तिनं काठीनं ते बाजूला केलं तर खाली पायऱ्या. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या, काळ्या दगडाच्या. मधोमध मात्र पाणी नव्हतं, आमच्या वसाहतीच्या बांधकामांचा राडारोडा होता. फुटक्या फरशा, विटांचे तुकडे, एक आख्खं संडासाचं भांडं.

"माझ्या सासऱ्याचे आजोबा नालबंद होते," आपा म्हणाली. "घोड्यांना नाल ठोकायचे."

निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि इथं घोडदळाची छावणी होती, एवढं मला माहीत होतं. ते घोडे पाण्याला या बारवेवर आणत, हे तिच्या सासरच्या घरातलं सांगणं. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला भोकं पाडलेले दगडी खुंट होते. दोर घासून घासून त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. मी त्या भोकात बोट फिरवून पाहिलं. त्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला जिवंत घोडे होते, हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला.

वडार म्हाताऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "घोडे लई पुढचे. बारव त्याच्या कितीतरी आधीची." मग तो स्वतः माझ्याबरोबर आला. पायरीवर तळहात ठेवला आणि मला म्हणाला, बघा. दगडावर बारीक तिरप्या रेघा होत्या, छिन्नीच्या. "या रेघा इकडून तिकडं उतरत्यात, न्हाई का? हा उजव्या हाताचा माणूस. आता हिकडं या." चार पायऱ्या सोडून त्यानं दुसरा दगड दाखवला. रेघा उलट्या. "हा डावरा व्हता. सगळ्या उत्तरेच्या बाजूला यानंच काम केलंय. लई नेमका हात. मला असा जमत न्हाई."

शाळेत मी इतिहास शिकले होते. त्यात राजे होते, लढाया होत्या. डावरा पाथरवट त्यात कुठंच नव्हता.

हे सगळं मी वसाहतीत उत्साहानं सांगत सुटले. तिथं मात्र उलटंच झालं. वसाहतीचे अध्यक्ष एका सहकारी संस्थेतून रिटायर झालेले गृहस्थ, आवाज मोठा, राजकारण्यांत ऊठबस. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांनी सभा बोलावली. विषय सुरक्षितता. दरीतून वर येणारी पाऊलवाट वसाहतीच्या मोकळ्या जागेतून जाते, तिथं लोखंडी गेट बसवायचं आणि कुलूप घालायचं. बाहेरच्या लोकांचं येणं-जाणं बंद.

मी उठले. "बाहेरचे म्हणजे कोण?"

"मॅडम, तुम्हाला माहितीये कोण."

"मला नाव घेऊन सांगा. वडारवस्ती की आपा?"

"तुम्ही विषय भलतीकडं नेऊ नका. परवा एका घरातला पाण्याचा पंप गेला."

"तो पंप मेकॅनिककडं दुरुस्तीला दिलाय, मालकानंच मला सांगितलं." पंपाचा मालक खाली मान घालून बसला होता. कुणी हसलं नाही. हात वर झाले, ठराव पास झाला. विरोधात माझा एकटीचा हात होता. तो मी मुद्दाम जरा जास्त वेळ वर धरला.

गेट बसलं ते नेमकं सीताफळं उतरायच्या वेळेला. दुसरी वाट होती, पण ती दरीला वळसा घालून, नाल्यातल्या गोट्यांवरून, तास-सव्वा तासाची. टोपली डोक्यावर घेऊन त्या वाटेनं जायचं म्हणजे सडकेवर पोचेपर्यंत फळ फुटणार, आणि फुटलेलं सीताफळ कुणी हातात धरत नाही.

सकाळी मी मागचं दार उघडलं तर गेटच्या खाली आठ-नऊ बाया टोपल्या उतरवून बसलेल्या. आपा कुलूप हातात धरून बघत होती. माझं घर रांगेतलं शेवटचं. माझ्या दारापासून गेट वीस पावलांवर.

मी फार विचार केला असं म्हणणार नाही. "आपा," मी हाक मारली, "इकडून या."

"किधर से?"

"माझ्या घरातून. मागून शिरायचं, पुढून निघायचं."

माझ्या घराला बाजूला बोळ नाही. मागच्या दारातून थेट स्वयंपाकघर, मग बैठक, मग ओटा आणि रस्ता. आपा दारात थबकली. चप्पल काढायला लागली. "चप्पल राहू द्या," मी म्हटलं, "फरशी पुसता येते." तिच्या मागच्या वडारणी तर आतच येईनात. त्यातली एक हळूच म्हणाली, "सिस्टर, सैपाकघर हाय नव्हं?"

"हाय," मी म्हटलं. "आणि चहा ठेवलाय."

तेव्हा कुठं त्या आल्या. एकामागं एक, दाराच्या चौकटीत वाकून, टोपल्या सांभाळत, माझ्या गॅसच्या ओट्याशेजारून, बैठकीतल्या माझ्या नवऱ्याच्या फोटोखालून, ओट्यावरून रस्त्यावर. समोरच्या घरातल्या बाईंच्या हातातला झाडू तसाच राहिला.

रोज सकाळी हे सुरू झालं. माझं घर वाट झालं. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष दोघातिघांना घेऊन आले. ओट्यावरच उभे राहिले.

"मॅडम, हे बंद करा. ठराव झालाय."

"ठराव मोकळ्या जागेचा झालाय. माझ्या बैठकीचा नाही."

"स्वयंपाकघरातून कुणाकुणाला नेताय तुम्ही! चालतं का हे तुम्हाला?"

"मी यांच्यासारख्यांच्या घरात बाळंतपणं केलीत, अध्यक्षसाहेब. त्यांनी मला आत येऊ दिलं, तेव्हा कुणी विचारलं नाही चालतं का म्हणून."

ते तणतणत गेले. त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याच्यापर्यंत कुणी पोचवलं होतं कोण जाणे. "आई, तुला तिथं राहायचंय ना? का वैर घेतेस सगळ्यांशी?" तो चिडला होता आणि मीही चिडले. दोन आठवडे आम्ही बोललो नाही. ते दोन आठवडे मला जड गेले हे मी इथं लिहून ठेवते, कारण हट्टाला काही लागत नाही असं कुणाला वाटू नये. शेजारणीनं वाटीभर विरजण द्यायचं बंद केलं. सकाळी फिरणाऱ्यांनी मान वळवायला सुरुवात केली. आणि मी रोज सकाळी सहाला मागचं दार सताड उघडत राहिले.

पण सीताफळाचा हंगाम दोन महिन्यांचा. नंतर शाळेची पोरं, दवाखान्याला जाणारी बाई, पाटे-वरवंटे घेऊन बाजाराला निघणारा म्हातारा. सगळ्यांनी जन्मभर माझ्या स्वयंपाकघरातून जायचं? आपाच एक दिवस म्हणाली, "सिस्टर, तुमचं घर म्हणजे तुमची मेहरबानी. आमचं हक्काचं ते रस्ता होता."

मला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. मी मोठेपणाच्या गुंगीत होते.

वाट एवढी जुनी तर ती सरकारी नकाशात असणार, म्हणून मग आम्ही तिघं, मी, आपा आणि वडार म्हातारा, जुन्या नकाशाच्या मागं लागलो. मोजणीच्या कचेरीत अर्ज केला, चकरा मारल्या. नोकरीत मी खात्याची कागदांची इतकी भूक बघितली होती की त्याचं मला काही वाटलं नाही. शेवटी एका कारकुनानं जुन्या नकाशाची नक्कल समोर ठेवली. दरी ओळखू येत होती, नालाही. वसाहतीच्या जागी कोरं. आणि त्या कोऱ्यातून दुहेरी तुटक रेघ गेलेली, तिच्या कडेला बारीक उर्दू अक्षरं.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"जुनं उर्दू," कारकून म्हणाला. "आता इथं कुणाला वाचता येत न्हाई. वाचणारे सगळे रिटायर झाले."

आपानं पदराला हात पुसले आणि कागद स्वतःकडं ओढला. ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, हे मलाही माहीत नव्हतं. तिनं बोट ठेवून हळूहळू वाचलं. "गाडी... रास्ता... बावली." मग वर बघितलं. "बावली कू, आपली बारव कू, जानेवाला गाडी का रास्ता. साफ लिखेला है."

म्हातारा कारकुनाकडं बघून म्हणाला, "गाडीरस्ता हाय बे तो! पाऊलवाट बी न्हाई, गाडीरस्ता!" कचेरीतल्या चार माणसांनी माना वर केल्या. म्हाताऱ्याला मी दंडाला धरून खाली बसवलं.

रस्ता अडवल्याचा अर्ज तिघांच्या सह्यांनी तहसीलदारांकडं गेला. माझी सही, आपाची उर्दूतली सही, म्हाताऱ्याचा अंगठा. जागेची पाहणी करायला अधिकारी आले तेव्हा अख्खी वसाहत गेटजवळ जमली होती. अध्यक्षांनी सुरक्षिततेचं भाषण केलं. अधिकाऱ्यानं ते ऐकून घेतलं, नकाशा उघडला, टेप धरायला लावला आणि मोजत मोजत जिथं पोचला ते नेमकं गेट होतं. "हा रस्ता सरकारी नकाशात आहे," तो एवढंच म्हणाला. "कुलूप काढा." लेखी हुकूम यायला आणखी काही आठवडे गेले. गेट निघालं. रस्ता गाडीचा मात्र परत मिळाला नाही. कुणाचं कुंपण, कुणाचं गॅरेज, पुढं सरकलेलं. चालण्यापुरती पट्टी सुटली. मी भांडायला तयार होते. म्हातारा म्हणाला, "आता बास, सिस्टर. टोपली जाती ना? बास."

मला ते बास वाटलं नाही. अजून वाटत नाही. पण त्याची वाट, त्याचं म्हणणं.

त्या उन्हाळ्यात आम्ही बारव उपसायला घेतली. रविवारी सकाळी सकाळी. वडारवस्तीतले आठ-दहा जण पहारी आणि घण घेऊन, आपाच्या घरचे टोपली-फावडं घेऊन. वसाहतीतून पहिल्या रविवारी कुणी नाही. दुसऱ्या रविवारी पंपाचा मालक आला, मान खालीच, पण आला. तिसऱ्या रविवारी सलाईनच्या नळ्यांवरून ज्यांना मी सुनावलं होतं ते डॉक्टर. त्यांनी दिवसभर राडारोडा वाहिला.

जूनच्या आधी तेरा पायऱ्या मोकळ्या झाल्या. खाली ओल लागली. कोनाड्यात पिंगळ्याची जोडी राहतेय हे कळलं तेव्हा म्हाताऱ्यानं त्या बाजूचं काम थांबवलं, पिल्लं उडेपर्यंत. पावसानंतर कमरेइतकं पाणी राहिलं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा आपा पायरीवर बसली आणि तिनं पाय पाण्यात सोडले. मुलगा दिवाळीला आला होता, तोही खाली आला. म्हाताऱ्यानं त्याला डावऱ्या पाथरवटाच्या रेघा दाखवल्या. माझा मुलगा डावरा आहे. त्यानं आपला हात त्या रेघांवर ठेवून बघितला.

आणि मग गेल्या महिन्यात बारवेच्या तोंडाशी पाटी उभी राहिली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'आमच्या वसाहतीचे प्राचीन वैभव.' खाली दुसरी ओळ: 'बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही.' ज्यांनी संडासाची भांडी टाकली त्यांचं हे वैभव!

अध्यक्षांना रस्त्यात गाठून मी विचारलं. ते म्हणाले, "जपायला नको का मॅडम? कुणीही येऊन घाण करतं."

"घाण कुणी केली ते मी उपसताना बघितलंय, साहेब. मला सांगू नका."

मी बाजारातून निळ्या रंगाचा छोटा डबा आणला आणि दुसरी ओळ पुसून टाकली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा रंगवलेली होती. मी पुन्हा पुसली. पहिल्या ओळीचं काय करायचं यावर आपाचं आणि म्हाताऱ्याचं एकमत होत नाही. तो म्हणतो, पाटीच उपटून नाल्यात टाकू. ती म्हणते, राहू द्या, फक्त 'वसाहती'च्या जागी 'दरी' लिहा. मी दोघांचं ऐकते. काल सकाळी पाहिलं तर दुसरी ओळ आता तांबड्या रंगात आहे, जरा मोठ्या अक्षरात. माझ्याकडं निळा रंग अजून अर्धा डबा शिल्लक आहे.